सागराचे सामर्थ्य आणि तीरावरचा प्रेक्षक

बुडत्या जहाजाचे चित्र दिवाणखान्यात टांगावे, आल्यागेल्यास ते कौतुकाने दाखवावे, लाटेचा हिरवाकाळा रंग चित्रकाराने कसा साधला आहे याची चर्चा चहा घेता घेता करावी, यात काही वावगे आहे असे सहसा कोणास वाटत नाही. तेच जहाज डोळ्यांदेखत बुडत असता किनाऱ्यावर बैठक मारून कोणी त्या देखाव्याची तारीफ करू लागला, तर त्यास आपण माणूस म्हणावयास तयार होणार नाही. चित्र आणि प्रसंग यांमध्ये हा जो नैतिक भेद आपण निःशंकपणे करतो, तो कशाच्या आधारावर? चित्रातल्या पाण्याने कोणी भिजत नाही, एवढे उत्तर पुरेसे आहे काय? युरोपातील रोमँटिक चित्रकारांनी, म्हणजे ढोबळ मानाने १८०० ते १८५० या अर्धशतकातील चित्रकारांनी, सागराच्या प्रचंड सामर्थ्याची जी चित्रे काढली, त्यांच्या निमित्ताने या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या अलीकडे, शिरोळसारख्या उसाच्या मुलखात बसून असला विचार करणे हे कोणास धाडसाचे वाटेल. पण शिरोळच्या माणसास पाण्याच्या सामर्थ्याविषयी बोलण्याचा अधिकार आहे की नाही, हे पुढे दिसून येईलच.

प्रश्न जुना आहे. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातील रोमन कवी लुक्रेशियस याने असे म्हणून ठेविले आहे की, वादळी समुद्रात दुसरा कोणी संकटाशी झुंजत असता ते तीरावरून पाहणे सुखकर असते. दुसऱ्याच्या दुःखात गोडी आहे म्हणून नव्हे, तर आपण स्वतः त्या दुःखातून सुटलेले आहो ही जाणीव गोड असते म्हणून. या खुलाशाने कवीवरचा क्रौर्याचा आरोप टळतो. आप्पलपोटेपणाचा मात्र टळत नाही. पुढे १७५७ साली एडमंड बर्क याने भव्योदात्त भावनेची मीमांसा केली, तेव्हा तिच्या मुळाशी त्याने भीतीच ठेविली. भय अगदी अंगाशी भिडले तर ते केवळ दुःख देते. पण काही अंतरावरून, थोड्या सौम्य रूपात ते अनुभवास आले, तर त्यात एक विलक्षण आनंद असतो, असे त्याचे मत होते. सपाट मैदानाचा विस्तार समुद्राएवढा असला तरी मैदान पाहून मन तसे भरून येत नाही, कारण समुद्र भयंकर आहे आणि मैदान तसे नाही, हे त्याचे निरीक्षण मार्मिक आहे.

परंतु या विषयातील खरा आचार्य कांट हाच होय. १७९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या तिसऱ्या मीमांसाग्रंथात त्याने उंच कडे, विजांनी भरलेले मेघ, ज्वालामुखी आणि खवळलेला अपार सागर यांची उदाहरणे देऊन असा सिद्धांत मांडला की, अशा शक्तींपुढे आपले शरीर किती क्षुद्र आहे हे आपणांस कळते आणि त्याच क्षणी आपल्यात असे काही आहे की ज्यास ही शक्ती स्पर्शही करू शकत नाही, हेही कळते. ते काही म्हणजे मनुष्याची विवेकशक्ती, त्याचे नैतिक स्वातंत्र्य. भव्यता सागरात नाहीच. ती पाहणाऱ्याच्या अंतःकरणात आहे. मात्र एक अट आहे: पाहणारा सुरक्षित जागी उभा असला पाहिजे.

हा सिद्धांत इतका उन्नत आहे की प्रथम वाचताना मनुष्य भारावून जातो. पण त्याच ग्रंथात पुढे एक लहानसा उल्लेख येतो, त्यावर मात्र आमचे मन नेहमी अडते. बर्फाच्या पर्वतांवर जीव धोक्यात घालून हिंडणाऱ्या लोकांस सॅव्हॉय प्रांतातील एक शेतकरी सरळसरळ मूर्ख म्हणत असे, ही गोष्ट कांटने सोस्यूर या प्रवाशाच्या हवाल्याने सांगितली आहे. शेतकरी भला आहे, समंजसही आहे, हे तो मान्य करतो. परंतु ज्याच्या मनावर नैतिक कल्पनांचा संस्कार झालेला नाही, त्यास जे आपणांस भव्य वाटते ते केवळ भयंकर वाटणार, असा त्याचा निष्कर्ष आहे. आता कांट हा कोनिग्जबर्गच्या परिसराबाहेर फारसा कधी गेला नाही, आणि आल्प्स पर्वत त्याने पाहिला तो पुस्तकातच. शेतकऱ्याचे घर मात्र त्या पर्वताच्या पायथ्याशी होते. दोघांपैकी पर्वताविषयी बोलण्याचा अधिकार कोणाचा अधिक, हा वाद क्षणभर बाजूस ठेवू. त्या शेतकऱ्याकडे आपणांस परत यावयाचेच आहे.

चित्रकारांनी हे तत्त्वज्ञान वाचले होते की नाही, याची फार चिकित्सा करण्याचे कारण नाही. हवाच तशी होती. जर्मन चित्रकार फ्रीड्रिख याचे १८१० साली बर्लिनमध्ये प्रदर्शित झालेले 'समुद्रकाठचा संन्यासी' हे चित्र घ्या. खाली वाळूची फिकट पट्टी, मध्ये काळसर पाण्याची अरुंद पट्टी आणि उरलेले सर्व आकाश. त्यात बोटाच्या पेराएवढी एक मनुष्याकृती. चित्रात आधी जहाजेही होती, ती फ्रीड्रिखने पुढे रंगाखाली बुजवून टाकली. दृष्टीस टेकावयास म्हणून काही ठेवावयाचे नाही, हा निश्चय त्यात दिसतो. या चित्रकाराच्या बाबतीत 'सुरक्षित अंतर' हे शब्द जपून वापरावे लागतात. तो तेरा वर्षांचा असता बर्फ फुटून पाण्यात पडला, आणि त्यास वाचवावयास गेलेला त्याचा भाऊ बुडून मेला. त्याने १८२३-२४ साली रंगविलेला 'हिमसागर', ज्यात बर्फाच्या प्रचंड शिळा एकमेकींवर चढून जहाजाचा चुराडा करीत आहेत, तो पाहताना ही गोष्ट विसरता येत नाही.

टर्नरची तऱ्हा निराळी. १८४२ साली त्याने हिमवादळात सापडलेल्या एका आगबोटीचे चित्र प्रदर्शनात मांडले. पाणी, धूर आणि हिम यांचा एकच भोवरा. त्याच्या मध्यावर बोटीची काळी रेघ. एका टीकाकाराने त्यास साबणाचा फेस आणि चुन्याची सफेदी म्हटले. यावर टर्नर सांगत असे की, वादळ पाहता यावे म्हणून त्याने स्वतःस चार तास डोलकाठीशी बांधून घेतले होते. विद्वानांस ही कथा खरी वाटत नाही. आम्हांस तिच्या खरेखोटेपणाहून तिची गरज का भासली, हे अधिक महत्त्वाचे वाटते. वादळ रंगविण्याचा हक्क तीरावर बसून मिळत नाही, असे त्या चित्रकारास कोठे तरी वाटत असले पाहिजे. उलट रशियाचा ऐवाझोव्स्की समुद्राची चित्रे स्मरणानेच रंगवीत असे, आणि त्याचे ते प्रसिद्ध 'नववी लाट' (१८५०) पाहिले की, तुटक्या डोलकाठीस बिलगलेली माणसे त्या सोनेरी उजेडात आता वाचणारच, याबद्दल प्रेक्षकास संशय राहत नाही. त्याचे कौशल्य थोर आहे. पण त्याचा समुद्र आमच्या मते जरा अधिकच दयाळू आहे.

आता सॅव्हॉयच्या शेतकऱ्याकडे वळू. तो आमच्या ओळखीचा आहे. फक्त त्याच्या माथ्यावर हिमपर्वत नसून त्याच्या बांधाशी नदी आहे. शिरोळ तालुक्यात कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या चार नद्या एकत्र येतात. सृष्टीची गंमत अशी की, या सर्व नद्या पश्चिम समुद्राच्या इतक्या निकट उगम पावूनही त्याच्याकडे पाठ फिरवितात आणि पठार ओलांडून पूर्वेच्या समुद्रास जाऊन मिळतात. येथे जमिनीस उतार बेताचाच, नद्या वळणावळणाने वाहणाऱ्या. त्यामुळे वरून आलेले पाणी पुढे सरकण्याऐवजी पसरते. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही साली येथे महापूर आला. २०१९ च्या ऑगस्टात तर नौदलाची पथके बोटी घेऊन कोल्हापूर-सांगलीच्या भागात उतरली. ज्या मुलखाने समुद्र कधी पाहिला नाही, त्याच्या शिवारात समुद्रावरची माणसे आली!

पण या पुराचे रूप टर्नरच्या वादळासारखे मुळीच नसते. त्यात गर्जना नाही, फेस नाही, लाट नाही. पाणी इंचाइंचाने चढते. संध्याकाळी अंगणात पायरीशी रोवलेली काठी सकाळी दिसत नाही, एवढीच त्याची वार्ता. ऊस उभाच्या उभा बुडतो, त्याच्या पोंग्यात गाळ बसतो, आणि पाणी ओसरल्यावर हिरवे दिसणारे रान आठवड्याभरात कुजून करपते. रोमँटिक चित्रकारास येथे रंगवावयास काय सापडले असते, याची आम्हांस शंका आहे. ज्या सामर्थ्यास आवाज नाही ते चित्रात सहसा येत नाही. आणि पूर पाहावयास म्हणून पुलावर जमणाऱ्या, हल्ली तर त्याची छायाचित्रे काढणाऱ्या गर्दीसही पुलाच्या कमानीशी घुसळणारे पाणी तेवढे आकर्षित करते. कुजणाऱ्या उसाकडे कोणी बोट दाखवीत नाही. या गर्दीत मोठे मोठे सुशिक्षित असतात. त्यांस कांटची सुरक्षित जागा पुलाच्या कठड्यामागे मिळालेली असते. त्यांच्या अंतःकरणात त्या वेळी नैतिक स्वातंत्र्याची जाणीव उदय पावते की काय, हे आम्हांस सांगता येत नाही.

आणि तो असंस्कृत, केवळ भयभीत म्हणून समजला गेलेला शेतकरी काय करतो? कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, नृसिंहवाडीस, दत्ताचे मंदिर अगदी घाटावर, नदीच्या अंगणात म्हणावे असे बांधलेले आहे. पावसाळ्यात पाणी चढत चढत मंदिरात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेकडील दाराने बाहेर पडते. या घटनेस 'दक्षिणद्वार सोहळा' असे नाव आहे. ती वार्ता पसरली की गावोगावची माणसे त्या दाराशी, त्या वाहत्या पाण्यात, स्नान करावयास जातात. यांतील कित्येकांची शेते त्याच वेळी, त्याच पाण्याच्या तोंडाशी असतात. म्हणजे भय आहे, ते खरे आहे, आणि पाहणारा सुरक्षित तर मुळीच नाही. तरी त्याच्या मनात जी भावना उठते तीस भीती हे नाव पुरत नाही. कांटची अट येथे मोडली, आणि भव्यता मात्र उरली. ज्यास तो संस्कार म्हणतो, तो ग्रंथांवाचून आणि अंतरावाचूनही होऊ शकतो, याचा याहून ठळक पुरावा कोणता हवा?

दोन्ही अनुभवांत फरक मात्र मोठा आहे. कांटचा प्रेक्षक सागराकडे पाहून अखेर स्वतःच्या थोरवीपाशी येतो. वाडीचा यात्रेकरू पाण्याकडे पाहत नाही, त्यात उतरतो. नदीस तो माय म्हणतो, तिची ओटी भरतो. तिच्याशी त्याचे नाते आहे, आणि नाते म्हटले की त्यात हक्क आले, रुसवे आले, मर्यादाही आली. ही मर्यादेची कल्पना आपल्या परंपरेत फार खोल गेलेली आहे. संस्कृत कवींचा समुद्र थोर आहे तो एवढे बळ असून वेला ओलांडत नाही म्हणून. रोमँटिकांचा समुद्र थोर आहे तो ती ओलांडतो म्हणून. रामायणातील युद्धकांडात राम तीन रात्री दर्भासनावर पडून सागराची विनवणी करतो, तो दाद देत नाही तेव्हा धनुष्य उचलतो, आणि मग सागर प्रकट होऊन सांगतो की अथांगपणा हा माझा स्वभाव आहे, तो मला सोडता येत नाही, तथापि नलाकडून सेतू बांधवून घ्या, तो मी धारण करीन. विनवणी, क्रोध आणि शेवटी करार! राजा रविवर्मा याने आयुष्याच्या अखेरीस हाच प्रसंग रंगविला. विजा, उसळते पाणी, खडकावर धनुष्य ओढून उभा असलेला राम: वेष सगळा युरोपीय वादळचित्रांचा, पण पाण्यातून वरुणास वर यावे लागते, बोलावे लागते, हा भाग युरोपाचा नव्हे. ज्या रविवर्म्याच्या छापखान्यातील चित्रे महाराष्ट्रातील घरोघरी देवघरात जाऊन बसली, त्याचा समुद्र मुका असणे शक्यच नव्हते.

येथपर्यंत वाचून आमच्या वाचकांपैकी कोणी स्वदेशाभिमानाने सुखावून जाईल, तर त्यांस थांबावयास सांगणे प्राप्त आहे. नाते जोडण्यातही एक धोका आहे, आणि तो समजण्यास पुन्हा टर्नरकडेच गेले पाहिजे.

१८४० साली त्याने एक चित्र प्रदर्शित केले. सूर्यास्ताच्या रक्तवर्ण उजेडात समुद्र फाटल्यासारखा दिसतो आहे, दूर एक जहाज वादळाशी झगडते आहे. चित्राच्या पूर्ण नावावरून कळते की, हे गुलामांचे जहाज असून वादळ येत आहे असे पाहून मेलेल्या व मरू घातलेल्या गुलामांस पाण्यात फेकून दिले जात आहे. पुढच्या भागात नीट पाहिले तर बेडी घातलेला एक पाय पाण्याबाहेर दिसतो. चित्रामागे १७८१ सालची 'झाँग' जहाजावरील घटना असावी असे पुष्कळांचे मत आहे. त्या जहाजावरून १३० हून अधिक आफ्रिकी माणसे समुद्रात लोटण्यात आली होती, आणि मालकांनी विमा कंपनीकडे त्यांची भरपाई मागितली होती. कारण 'माल' समुद्रात फेकावा लागला तर भरपाई मिळे, रोगाने मेला तर मिळत नसे. रस्किन या थोर कलासमीक्षकाने १८४३ साली या चित्राची अपूर्व स्तुती केली. टर्नरचे अमरत्व एकाच चित्रावर ठरवावयाचे झाले तर आपण हेच निवडू, असे त्याने म्हटले. लाटांचे, उजेडाचे, सावल्यांचे त्याचे वर्णन इंग्रजी गद्यात प्रसिद्ध आहे. जहाज गुलामांचे होते, ही गोष्ट मात्र त्याने तळटीपेत घातली. पुढल्याच वर्षी वडिलांनी ते चित्र त्यास भेट दिले. काही वर्षांनी त्याने ते विकून टाकले, आणि आज ते अमेरिकेत बोस्टनच्या संग्रहालयात आहे.

रस्किन हा निर्दय मनुष्य नव्हता. उत्तर वयात कामगारांच्या दैन्याविषयी त्याने जे लिहिले त्याने गांधीजींचे आयुष्य पालटले. तरी त्याच्या हातून ही तळटीप लिहिली गेली, कारण समुद्राचे सामर्थ्य एकदा डोळ्यांत भरले की त्याच्या आड मनुष्याचे कृत्य दिसेनासे होते. वादळाने माणसे मारली नाहीत, माणसांनी मारली. वादळ ही फक्त सबब होती. फ्रेंच चित्रकार जेरिको यास हे अचूक उमगले होते. १८१६ साली 'मेड्यूसा' ही नौका आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ वाळूत रुतली ती समुद्र खवळल्यामुळे नव्हे. सुमारे वीस वर्षे जहाज न चालविलेल्या एका सरदारास केवळ राजनिष्ठेचे बक्षीस म्हणून कप्तान नेमल्यामुळे. दीडशेच्या आसपास माणसे एका तराफ्यावर घालून दोर सोडून देण्यात आले. तेरा दिवसांनी त्यांतली १५ जिवंत सापडली. जेरिकोने वाचलेल्यांच्या भेटी घेतल्या, सुताराकडून तराफ्याची प्रतिकृती करविली, प्रेतांचा अभ्यास केला, आणि १८१९ साली सुमारे सोळा फूट उंच व तेवीस फूट रुंद असे चित्र पुढे मांडले. त्यात समुद्र आहे, पण तो मागे, कडेला आहे; पटाचा मध्य माणसांनी व्यापला आहे. चित्राचे नाव साधेच, 'जहाज फुटल्याचे दृश्य' असे ठेविले होते. पण पॅरिसमध्ये कोणालाही ते कोणत्या जहाजाचे हे विचारावे लागले नाही.

आपल्याकडे तळटीप दुसऱ्या रीतीने लिहिली जाते. कृष्णामाई कोपली, असे म्हटले की पुढचे प्रश्न विचारण्याची गरज संपते. २०१९ चा पाऊस असाधारण होता, यात वाद नाही. परंतु राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने अतिवृष्टीबरोबर नदीपात्रात व पूरक्षेत्रात झालेल्या अतिक्रमणांकडेही बोट दाखविले. धरणांतून पाणी केव्हा व किती सोडावे हा प्रश्न आहे. अलमट्टीच्या फुगवट्याचा दोन राज्यांमधील वाद आहे, आणि त्या धरणाची पातळी ५१९ मीटरवरून ५२४ मीटरवर नेण्यास २०१० साली लवादाने अनुमती दिल्यापासून तो अधिकच तीव्र झाला आहे. यांतील कोणाचा वाटा किती, हे ठरविणे तज्ज्ञांचे काम. पण वाटा माणसांचा आहे, एवढे तरी स्पष्टपणे म्हटले पाहिजे. नदीस माय म्हणणाऱ्याने तिच्या कुशीत भराव घालून वर तिच्याच कोपाची आरती ओवाळावी, हे दक्षिणद्वारी स्नान करणाऱ्याच्या भक्तीचे विडंबन आहे. त्या भक्तीत पाणी मंदिरात येणार हे गृहीत धरलेले होते. घाट बांधणाऱ्याने नदीस यावयास उत्तरेकडून वाट ठेविली आणि जावयास दक्षिणेचे दार ठेविले. उत्सवमूर्ती वर हलविण्याची रीत घातली. पाण्याचा हक्क मान्य करून मग त्याच्याशी मैत्री केली.

आजच्या पाटबंधारे खात्याच्या नकाशावर नदीच्या दोन्ही अंगांस दोन रेषा काढलेल्या असतात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. जुन्या कवींनी वेला ओलांडू नये असा दंडक सागरास घातला होता. या रेषा पाण्यास उद्देशून काढलेल्या नाहीत, त्या आपणांस उद्देशून आहेत. निळ्या रेषेच्या आत घर बांधणाऱ्या पुष्कळांस दुसरी जागाच नसते, आणि त्यांस दोष देणे सोपे आहे म्हणूनच देऊ नये. पण परवानगीच्या कागदावर सही करणारे हात सुशिक्षितांचे असतात, आणि त्यांतले काही, पाणी वाढले की, कठड्यामागे उभे राहून त्याचा विस्तार किती भव्य दिसतो हे एकमेकांस सांगत असतात. शिरोळच्या महापुराचे मोठे चित्र कोणी काढावयास घेतले, तर त्यात पाणी कोठे ठेवावे, ऊस कोठे आणि नावेत बसलेली माणसे कोठे, हे तो चित्रकार आपल्या प्रतिभेने ठरवील. पुलावरची ही गर्दी मात्र त्याने वगळू नये.